आमच्या घरातली यादी

आमच्या घरात पुस्तके नव्हती. देवाच्या फळीवर एक पंचांग, आईची एक जुनी पोथी आणि दूध संस्थेचे पासबुक, एवढेच काय ते छापील कागद. पण एक यादी मात्र होती. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. आमच्या आबांच्या तोंडात होती.

"एकसष्ट, दिनकर दह्यारी. बासष्ट, भगवान मोरे. त्रेसष्टला निकाल न्हाई. चौसष्ट आनि पासष्ट, गणपत खेडकर."

लोकांच्या घरी तिन्हीसांजेला मुलांकडून शुभंकरोती आणि पाढे म्हणवून घेतात. आमच्या घरी महाराष्ट्र केसरींची नावे म्हणवून घेत. कुठल्या साली कुणी गदा मारली हे न अडखळता सांगता आले, की आबा माझ्या पाठीवर थाप मारीत. ती थाप साधी नसे. दोन दिवस पाठ हुळहुळत असे.

यंदा जूनमध्ये मराठीच्या तासाला सरांनी आम्हां एस. वाय. च्या मुलांना एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या घरचा इतिहास लिहून आणायचा. कुणी वतनाचा कागद आणला, कुणी आजोबांनी गोवा मुक्तिसंग्रामात खाल्लेल्या काठ्यांची हकीकत आणली. मी पेचात पडलो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आजोबांच्या आधीच्या माणसाचे नावही धड कुणाला ठाऊक नाही. मग विचार केला, की इतिहास म्हणजे जर सालवारीने सांगितलेली गोष्ट असेल, तर ती आमच्या घरी आहेच. तीच लिहावी.

यादी १९६१ पासून सुरू होते. पण तिची सुरुवात खरी त्याच्या पुष्कळ आधीची आहे. आपल्या कोल्हापुरात राहून ती सांगायची म्हणजे शाहू महाराजांपासून सांगावी लागते. १९०२ मध्ये महाराज विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे जुने क्रीडांगण पाहिले. त्यावरून त्यांनी खासबागचे मैदान बांधविले. १९१२ मध्ये ते सुरू झाले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. कुणीही कुठेही बसो, हौदा दिसतोच. मी पहिल्यांदा आबांच्या खांद्यावर बसून तिथे गेलो, तेव्हा मला वाटले होते, की एवढी मोठी परात कुणी पालथी न घालता अशी उताणी का ठेवली असेल!

महाराजांनी नुसते मैदान बांधले नाही. त्यांनी पैलवान पोसले. दूध, तूप, बदाम, मटण हा जो खुराक, तो दरबारातून मिळे. पंजाबातले मल्ल इथे येऊन राहत. पेठांपेठांतून तालमी उभ्या राहिल्या. पण १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पैलवानाला पोसणारा राजा राहिला नाही. कुस्ती राहिली, तालमी राहिल्या, खुराकही तेवढाच लागत राहिला; तो पुरवायचा कुणी, हा प्रश्न मात्र दरबारातून उठून आमच्यासारख्यांच्या चुलीपाशी येऊन बसला.

ह्या मधल्या काळाचे सर्वांत मोठे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावोगावी वर्गणी झाली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदकाच्या यादीत खाशाबांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. घर गहाण ठेवणाऱ्याचे नाव कुठल्याच पदकाच्या यादीत नसते. ही गोष्ट मी शाळेत असताना ऐकली होती. तिच्यातला हा दुसरा भाग मला अगदी अलीकडे ऐकू आला असे म्हटले पाहिजे.

पुढे १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९५९ मध्ये दिल्लीला पहिली हिंदकेसरी स्पर्धा झाली. सीमाभागातल्या एकसंब्याचे आणि कोल्हापुरात घडलेले श्रीपती खंचनाळे यांनी बंतासिंगला हरवून ती जिंकली. पाठोपाठ १९६० मध्ये गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. आणि १९६१ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, परिषदेच्या अधिवेशनात 'महाराष्ट्र केसरी' हा किताब पहिल्यांदा दिला गेला. आबांच्या यादीतले पहिले नाव ते हे: दिनकर दह्यारी.

पूर्वी राजाची मर्जी बसली की मल्लाचे नाव होई. आता जिल्ह्याजिल्ह्यांतून निवड होऊन आलेले मल्ल एका ठिकाणी जमू लागले, पंच बसू लागले आणि वर्षाला एक नाव ठरू लागले. खुल्या गटात, म्हणजे ८६ किलोंच्या वरच्या वजनात, मातीवर एक विजेता निघतो आणि गादीवर एक. मग त्या दोघांची शेवटची कुस्ती होते. जो जिंकेल त्याला चांदीची गदा.

ह्या यादीत १९७० ते १९७४ ही पाच वर्षे आबा अंमळ सावकाश म्हणत, गुळाचा खडा तोंडात घोळवावा तशी. सत्तर आणि एकाहत्तर दादू चौगुले, बाहत्तर आणि त्र्याहत्तर लक्ष्मण वडार, चौऱ्याहत्तर युवराज पाटील. सलग पाच वर्षे गदा कोल्हापूरची. त्यातली बाहत्तरची स्पर्धा तर कोल्हापुरातच झाली होती. दादू चौगुल्यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकही आणले. पुढे २००० साली त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले. सोलापूरकडच्या एका शेख घराण्यातली तर तीन नावे यादीत आहेत: १९८० ला इस्माईल, १९९२ ला आप्पालाल, २००२ ला मुन्नालाल. आबा ही नावे घेत आणि मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहत. ते काय विचार करीत हे मला न सांगताच कळत असे.

मला अकराव्या वर्षी तालमीत घातले. पहाटे चार वाजता आबा मला सायकलवरून गावातल्या तालमीत नेऊन सोडीत. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती खोऱ्याने उलथापालथी करायची, मग जोर, मग बैठका, मग वस्तादांच्या नजरेखाली लढती. यात्रांतून कुस्त्या धरू लागलो. रेवड्यांची कुस्ती, नारळाची कुस्ती, मग पन्नास रुपयांची, मग पाचशेची. हलगी कडाडली की अंगावर काटा उभा राही. एकलांगी डाव मला चांगला बसला होता. वस्ताद आबांना म्हणाले, "पोरात दम हाय. खुराक कमी पडू देऊ नका."

आबांनी तो कमी पडू दिला नाही. दावणीला दोन म्हशी होत्या. एकीचे दूध डेअरीला जाई, दुसरीचे मला. सकाळी तालमीतून आलो की थंडाई तयार असे. बदाम रात्री भिजत घालायचे, पहाटे सोलायचे आणि पाट्यावर वाटायचे. तूप निराळे. आठवड्याला मटण निराळे. मी हे सगळे खात असे. ते कुठून येते असा विचार मात्र केला नाही. मुलगा म्हणून जन्मल्यावर काही गोष्टी आपोआप ताटात येतात आणि आपल्याला वाटते, की ताटच तसे असते.

९ एप्रिल २०२२ चा दिवस मला लख्ख आठवतो. साताऱ्याला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती होती. पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याचा पृथ्वीराज पाटील, माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा, विशाल बनकरशी लढत होता. आम्ही तालमीतली वीस-पंचवीस पोरे एका मोबाइलभोवती डोकी लावून उभी होतो. पृथ्वीराज पाच विरुद्ध चार गुणांनी जिंकला. विनोद चौगुल्यांनंतर कोल्हापूरकडे गदा आली नव्हती, ती आली. आम्ही नाचलो. घरी आलो तर आबा दारात उभे. म्हणाले, "देवठानं लांब न्हाई आपल्यापासनं." एवढेच म्हणाले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर दीड महिन्यानेच एका यात्रेच्या कुस्तीत माझा उजवा गुडघा गेला. समोरच्याने पट काढला, माझा पाय मातीत रुतून राहिला आणि अंग फिरले. त्याचा काही दोष नव्हता. त्याने डाव बरोबर केला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि पुढे कुस्ती नको असेही सांगितले. शस्त्रक्रियेसाठी एक म्हैस विकावी लागली. जिचे दूध मी पीत होतो तीच. त्या दिवशी आबांनी यादी म्हणवून घेतली नाही आणि पुढेही कधी घेतली नाही.

मी कॉलेजात आलो तो असा. कुस्ती सुटली म्हणून.

आता पुन्हा सरांच्या कामाकडे येतो. वही घेऊन मी आबांपुढे बसलो आणि म्हणालो, "आबा, ती यादी सांगा. लिहून घेतो." इतक्या वर्षांनी मी ती मागितली म्हणून त्यांचा चेहरा उजळला. ते सांगू लागले, मी लिहू लागलो. शहात्तरला हिरामण बनकर, इथवर आलो आणि आबा थांबले. "सत्त्याहत्तर... सत्त्याहत्तर..." त्यांना आठवेना. एवढ्यात स्वयंपाकघरातून आक्काचा आवाज आला, "सत्त्याहत्तरला अनिर्णित. अठ्ठ्याहत्तर आप्पासाहेब कदम. लिव्ह."

मी चमकलो. "आक्का, तुला कसं ठाऊक?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "कसं म्हंजे? आबा तुझ्याकडनं घोकून घ्यायचे, तवा पाट्यापाशी बदाम वाटत कोन बसल्यालं असायचं?"

आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. २०१९ मध्ये दहावीला तिला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले होते. आमच्या भावकीत इतके गुण कुणाला मिळाले नव्हते. तिला पुढे शिकायचे होते. आबा म्हणाले होते, "एक वरीस थांब. ह्येचं जिल्ह्याचं हू दे, मग बघू." घरात पैसा एकच होता आणि खुराक थांबवता येत नव्हता. ती थांबली. मग कोरोना आला, मग माझा गुडघा आला. ते एक वर्ष तसेच लांबत गेले. आता ती औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये तिच्या पगाराचे पैसे होते.

हे सगळे मला त्या दिवशी कळले असे नाही. ठाऊक होतेच. पण जी नावे मला छडीच्या धाकाने पाठ करावी लागली, ती तिला कुणी न सांगता पाठ झाली होती, आणि तिच्या पाठीवर एकदाही थाप पडली नव्हती, हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

उरलेली यादी मग तिनेच सांगितली. आबा नुसते मान हलवीत होते. २०११ ते २०१३ नरसिंग यादव, २०१४ ते २०१६ विजय चौधरी, दोघेही सलग तीन-तीन वेळा. २०२३ पाशी येऊन मात्र दोघांचा वाद झाला. कारण कुस्तीगीरांच्या संघटनेतच दुही झाली होती आणि त्या एका नोव्हेंबर महिन्यात दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी झाले: फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. आबा म्हणाले, "एका वर्साला एकच नाव पायजे. दोन लिव्हलीस तर किताबाला काय किंमत ऱ्हायली?" आक्का म्हणाली, "दोघांनी बी घाम गाळलाय न्हवं? दोन्ही लिव्ह." मी दोन्ही लिहिली.

सरांना यादी दाखवली तेव्हा त्यांनी मला जगातल्या इतर किताबांविषयी वाचायला सांगितले. वाचताना मेक्सिकोतल्या कुस्तीची माहिती मिळाली. तिकडे मुखवटे घालून मल्ल लढतात. ती कुस्ती बरीचशी नाटकासारखी, निकाल आधी ठरलेला; पण लोकांना तिचे विलक्षण वेड. १९३३ पासून तिथे तिचा धंदा उभा आहे. तिथल्या किताबाचा पट्टा असतो. ज्याच्याकडे पट्टा, त्याने आव्हान देणाऱ्याशी लढून तो राखायचा. हरला, की कमरेचा पट्टा सोडून समोरच्याला द्यायचा. म्हणजे त्यांच्या यादीत एक नाव पुढच्या नावाला बांधलेले असते.

आपल्याकडे तसे नाही. गदा परत मागत नाहीत. एकदा महाराष्ट्र केसरी झालेला मनुष्य मरेपर्यंत महाराष्ट्र केसरीच असतो. खंचनाळे २०२० मध्ये वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी 'पहिले हिंदकेसरी' असेच लिहिले. किताब मिळून एकसष्ट वर्षे होऊन गेली होती. मला ही आपली रीत आवडते. पण तिची दुसरी बाजूही आहे. ज्याला मिळाली त्याला जन्मभर मिळाली, आणि ज्याला नाही मिळाली त्याला काहीच मिळाले नाही. मध्ये काही नाही.

एका रात्री मी आबांना विचारले, "तुम्ही कुठवर गेला होता?" हा प्रश्न मी आजवर विचारला नव्हता. ते अंगणात बसले होते. बराच वेळाने म्हणाले, "जिल्ह्याच्या निवडीपतोर. गुनावर गेली." मग पुन्हा थोड्या वेळाने, "पाठ न्हाई लागली माझी. गुनावर गेली." त्यांचे कान अंधारातही चेमटलेले दिसत होते. मला वाटले, ती सबंध यादी ते माझ्यासाठी म्हणत नव्हते. आपले नाव जिथे यायला हवे होते ती जागा ते दर संध्याकाळी चाचपून बघत होते.

मग मी विचारले, "आबा, त्रेसष्टला अनिर्णित, सत्त्याहत्तरला अनिर्णित. ते वाईटच ना?"

"वाईट कशापाय?" ते म्हणाले. "अनिर्णित म्हंजे कोन हारला न्हाई. येवढंच."

आणखी एक आठवण सांगतो आणि थांबतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांची सुरू झाल्यावर बासष्ट वर्षांनी. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवून गदा मिळवली. मी तेव्हा बारावीत होतो आणि कुस्तीचे नाव काढले तरी मला राग येत असे. आक्कानेच माझ्या मोबाइलवर ती कुस्ती लावली. दोघे मिळून पाहिली. प्रतीक्षाने गदा खांद्यावर घेतली तेव्हा आक्का इतकी हसली, की आई चुलीपासून उठून बघायला आली. मग ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "हिच्या घरात बदाम कोन वाटत आसंल रं?"

मी तेव्हा काही बोललो नाही. तिच्या आईने वाटले असतील, भावाने वाटले असतील, मला काय ठाऊक! पण आज तो प्रश्न मला सबंध यादीला विचारावासा वाटतो. दह्यारींपासून आजपर्यंतच्या प्रत्येक नावामागे कुणीतरी पाट्यापाशी बसलेले असणार. आणि जी नावे यादीत आलीच नाहीत, आबांसारखी आणि माझ्यासारखी, त्यांच्याही मागे. त्या माणसांची सालवार यादी कुणी केली तर ती किती लांब होईल! सरांनी घरचा इतिहास लिहायला सांगितला होता. माझ्या वहीत तर महाराष्ट्राच्या कुस्तीचा इतिहास उतरला होता. घरचा इतिहास स्वयंपाकघरात बसून मला चुकलेली साले सांगत होता.

वहीच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ लिहिली: '२०१७ ते २०२२, आक्का.' किताबाचे नाव सुचले नाही, म्हणून ती जागा तशीच ठेवली. सरांनी त्या ओळीखाली काही शेरा मारला नाही, खोडलीही नाही.

ओळ लिहून काही होत नाही, हे मला समजते. म्हणून गेल्या महिन्यात मी तिला घेऊन बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आलो. फॉर्मची फी माझ्या शिष्यवृत्तीतून भरली. ती नको म्हणत होती, आबाच म्हणाले, "भर. लई दिवस थांबली ती." आता संध्याकाळची धार मी काढतो. गुडघा दुमडून बसता येत नाही, म्हणून उलट्या घमेल्यावर बसतो. आक्का कामावरून येते, हातपाय धुते आणि माझी जुनी पुस्तके घेऊन दिव्याखाली बसते. एकच म्हैस राहिली आहे. तिचे दूध डेअरीला घालून उरते ते मी पेल्यात ओतून तिच्यापुढे ठेवतो. ती न बघता पिते, जसा मी पीत होतो.